मग पाणी गेलं कुठे?

आमच्या खालच्या काकू फोन करत नाहीत, सरळ वर येतात. मागच्या वर्षी पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या दिवशी, अर्धं नागपूर तिकडे इतवारी-महालात काळी-पिवळी मारबत, म्हणजे त्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला गेलेलं, आमचे हे पण पोरीला खांद्यावर घेऊन गेलेले, आणि मी जरा निवांत चहा घेऊन बसले तर दारात काकू. "जरा खाली येतेस का गं, एक दाखवायचं होतं." आवाज गोड होता. काकू गोड बोलल्या की मला धडकी भरते.

खाली गेले. त्यांच्या बाथरूमच्या छताला, बरोब्बर आमच्या बाथरूमखाली, एक डाग. जेवायच्या ताटाएवढा, मधे पिवळट आणि कडेला तपकिरी, चहा सांडून सुकावा तसा, रंगाचे पोपडे सुटून लोंबत होते आणि एका पोपड्याच्या टोकाला थेंब. तो थेंब काही पडेना. आम्ही दोघी माना वर करून त्याच्याकडे बघत उभ्या, जणू काही पडला नाही तर माझी सुटका होणार होती. पडला शेवटी, खाली ठेवलेल्या बादलीत, टप्प. मग काकू म्हणाल्या, "तुम्ही तर दोन वर्षांपूर्वी सगळं नवीन केलं ना गं? त्या पाणी न पिणाऱ्या टाइल्स की काय त्या?"

आता हे वाक्य माझंच. काम झाल्यावर हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला मी बाथरूम दाखवून ऐकवलं होतं, की बाई ही टाइल पाणीच पीत नाही. दोन वर्षांनी ते असं बादलीत पडलं.

आमचा फ्लॅट त्रिमूर्ती नगरात, तिसरा मजला, बिल्डिंग १९९६ ची. जुनी बाथरूम म्हणजे त्या काळच्या आठ बाय बारा इंची फिक्कट निळ्या टाइल्स, फुलाफुलांची बॉर्डर, कोपऱ्यांत कायमची काळी बुरशी. त्या काढून नवीन लावायच्या ठरल्या तेव्हा दुकानातल्या पोरानं जे करून दाखवलं त्यालाच मी भुलले. त्यानं दोन टाइल्स उलट्या केल्या, एक भिंतीची साधी सिरॅमिक आणि एक व्हिट्रिफाइड (पोर्सेलिन म्हणजे हेच, पण दुकानात पोर्सेलिन कुणी म्हणत नाही, जीव्हीटी, पीजीव्हीटी, डबल चार्ज असे शब्द फेकतात आणि आपण समजल्यासारखी मान हलवतो), आणि स्वतःच्या बिसलरीतून दोन्हींवर थोडं थोडं पाणी ओतलं. सिरॅमिकवरचं पाणी बघता बघता गेलं, फक्त गडद डाग उरला. दुसरीवरचं तसंच बसून राहिलं, अळवावरचं पाणी. पोरानं बोटानं पुसलं, खाली कोरडी ठणठणीत. झालं, मी त्या दिवशी पिशवीतून चेकबुक काढायचीच बाकी होते.

पोरगा खोटं बोलत नव्हता हे आधी सांगते. टाइल किती पाणी पिते याचं रीतसर माप असतं. टाइल सुकवून वजन करतात, मग पाण्यात उकळून नाहीतर व्हॅक्यूम लावून तिच्या भोकाभोकात पाणी भरतात आणि परत वजन करतात. आयएसओ १३००६ नावाच्या स्टँडर्डमध्ये सगळ्यात वरच्या गटात बसायचं तर हे वजन ०.५ टक्क्याच्या वर वाढता कामा नये. भिंतीच्या साध्या टाइल्सचा जो गट आहे त्यात ते १० टक्क्यांच्याही वर असतं. घरच्या हिशेबात सांगायचं तर दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड टाइल साधारण आठ किलोची धरा, तिनं पोटभर पाणी प्यायलं तरी ४० ग्रॅम. आपला कटिंग चहाचा ग्लाससुद्धा भरत नाही.

आणि हे होतं कशामुळे तर भट्टीमुळे. मला हे समजलं ते माठावरून. दरवर्षी मार्चमध्ये आमच्या आई (म्हणजे सासूबाई) नवीन माठ आणतात, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, मग तो खिडकीत बसतो आणि मे महिन्यात बाहेर ४५ असताना आत गार पाणी. माठ कुंभाराच्या आव्यात हजार डिग्रीच्या खालीच भाजतो, मातीचे कण एकमेकांना चिकटतात पण मधे फटी राहतात, त्या फटींतून पाणी बाहेर झिरपतं, उडतं आणि उडता उडता आतलं पाणी गार करतं. माठ पाझरला नाही तर त्याचा काही उपयोग नाही. पोर्सेलिन टाइल पण मातीच, पांढरी चिनीमाती, पण तिच्यात फेल्डस्पार नावाचा दगड दळून घातलेला असतो, सगळं मिश्रण जबरदस्त दाबाखाली दाबतात आणि साधारण बाराशे डिग्रीला भाजतात. त्या उष्णतेत फेल्डस्पार वितळतो, काचेसारखा होतो आणि सगळ्या फटी बुजवून टाकतो. व्हिट्रिफाइड म्हणजे काच झालेली, बस. माती तीच, पण एकीला पाझरायला शिकवलं आणि दुसरीला तोंड मिटायला.

आमच्या टाइल्सच्या खोक्यावर मोरबी लिहिलेलं होतं. देशातल्या बहुतेक टाइल्स तिकडूनच येतात, गुजरातेत, मच्छू नदीच्या काठावरून. ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू-२ धरण फुटलं आणि ते सगळं गाव पाण्याखाली गेलं होतं. खोकी उघडताना माझ्या डोक्यात तेच येऊन राहिलं होतं, उगाच.

तर टाइल पाणी पीत नाही हे शंभर टक्के खरं. मग काकूंच्या छतात काय होतं?

प्लंबर आला, त्यानं सगळ्यात आधी पाइपवर संशय घेतला. दोन दिवस बाथरूमचा नळ बंद, आम्ही बाहेरच्या संडासाजवळच्या कोपऱ्यात आंघोळी उरकल्या, थेंब कमी झाला. याचा अर्थ पाइप फुटलेलाच असेल असं नाही, वापरातलं पाणी पण असू शकतं. मग त्यानं पाइपला प्रेशर लावून पाहिलं, पाइप ठीक. तेव्हा तो म्हणाला, ताई नीळ आहे का घरी? आईंच्या पांढऱ्या साड्यांसाठी नीळ कायम असते आमच्याकडे. न्हाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या तोंडाला, फडक्याचा बोळा मारला, फरशीवर पाणी सोडलं आणि त्यात अर्धी बाटली नीळ ओतली. बाथरूममध्ये छोटा निळा तलाव. टाइल्सवर तो इतका शांत पसरला होता की खरंच वाटेना यातून कुठे काही जात असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू वर आल्या, या वेळी हातात स्टीलची वाटी. वाटीत चार-पाच चमचे पाणी, फिकट निळं. काही बोलल्या नाहीत. वाटी ओट्यावर ठेवली आणि गेल्या.

मग फोडाफोडी. त्यासाठी भंडाऱ्याकडचे एक म्हातारे मिस्त्री आले, साठीचे असतील, त्यांनी आधी हातोडा काढलाच नाही. खिशातून नाणं काढलं, फरशीवर उकिडवे बसले आणि एकेका टाइलवर वाजवत गेले. मधे टण्ण, कोपऱ्यात बद्द. परत मधे टण्ण, कोपऱ्यात बद्द. "आइकून राहिल्या न ताई? कोपरे पोकळ हायेत सारे. खाली पाणी बसलं हाय." मग एक टाइल उचकटायला छिन्नी लावली तर ती फुटलीच नाही, अख्खी निघाली, पुस्तकातून पान सुटावं तशी. मागची बाजू स्वच्छ. सिमेंटचा एक कण चिकटलेला नाही. आणि खाली ओलं, काळं, वास मारणारं सिमेंट, जिथे पाच थापा टाकलेल्या, चार कोपऱ्यांच्या जरा आत आणि एक मधे, बाकी सगळं रिकामं.

तेव्हा मला दोन वर्षांपूर्वीचं एक चित्र आठवलं आणि पोटात गोळा आला. पहिल्या मिस्त्रीनं तेव्हा मोठ्या ड्रममध्ये टाइल्स भिजत घातल्या होत्या. भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स पाण्यात टाकल्या की बुडबुडे येतात, सुर्र आवाज येतो, फटीतली हवा बाहेर आणि पाणी आत. लहानपणी आमच्या घरी काम निघालं की मी त्या टाक्याजवळ बसून ते बुडबुडे बघायचे. व्हिट्रिफाइड टाकल्या तेव्हा एक बुडबुडा नाही. मी ते पाहिलं होतं! उलट खूश झाले होते, की बघा, पीतच नाही. पण सिमेंट टाइलला धरतं ते तरी कसं? सिमेंटचं पाणी टाइलच्या मागच्या फटींत ओढलं जातं, त्याच्याबरोबर सिमेंटही शिरतं आणि तिथे घट्ट होऊन बसतं. जी टाइल पाणीच ओढत नाही तिच्या पाठीला सिमेंट नुसतं टेकून राहतं. म्हणून तिला पॉलिमरवालं अॅडेसिव्ह लागतं, दात्याच्या पत्र्यानं सगळीकडे सारखं पसरलेलं, कोपऱ्यापर्यंत. ज्या गुणासाठी आपण जास्तीचे पैसे दिले त्याच गुणामुळे ती जुन्या पद्धतीनं चिकटत नाही. अॅडेसिव्हची पोती दुकानदारानं सांगितली होती. मिस्त्री म्हणाला एवढं लागत नाही ताई, सिमेंटमध्ये होऊन जाते. आणि मला ते ऐकायचंच होतं, कारण बजेट तोवर टाइल्सनीच खाल्लेलं. त्यामुळे सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडायला माझी जीभ वळत नाही.

तरी प्रश्न उरतोच, पोकळीत पाणी शिरलं कुठून. म्हाताऱ्या मिस्त्रींनी टाइलच्या सांध्यावर नख फिरवून दाखवलं. "टाइल पाणी पेत नाही, बराबर हाय. पन टाइल अन् टाइलच्या मधात काय हाय? सिमेंट. ते तं पेते न जी." सांध्यातलं व्हाइट सिमेंट नखानं भुगा होऊन निघत होतं. काही ठिकाणी नव्हतंच.

हा भुगा मीच केला होता, दर रविवारी. आमच्या बिल्डिंगला कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी पिण्यापुरतं, बाकी वापराला बोअरिंग, आणि बोअरिंगचं पाणी असं खारं की बादलीच्या कडेला पांढरी रेघ, नळाच्या तोंडाला चुन्याची दाढी. काळपट टाइल्स मीच हौसेनं निवडलेल्या, त्यांच्यावर तर प्रत्येक थेंब सुकला की पांढरा ठिपका. हा खार टाइलच्या आत जात नाही, नुसता वर बसतो, व्हिनेगर नाहीतर लिंबाच्या फोडी घासल्या तरी निघतो, पण तेवढा वेळ कोणाला आहे. गल्लीत सायकलवर ॲसिडवाला येतो, फिनाइल-ॲसिड-हार्पिक ओरडत, त्याची बाटली ओतली की फेस आला आणि पाच मिनिटांत टाइल चकाचक. टाइलला त्या ॲसिडचं काहीच होत नव्हतं. पण सिमेंट म्हणजे शेवटी चुन्याचाच भाऊ, खार जसा विरघळतो तसंच तेही. टाइल चमकत होती आणि तिच्या चारही बाजूंचा सांधा दर रविवारी थोडा थोडा ट्रॅपमध्ये वाहून जात होता. तो फेस बघून मला समाधान वाटायचं हे आता लिहितानाही लाज वाटते.

त्यात भर म्हणजे जुन्या टाइल्स फोडताना खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा, जो बिल्डरनं वॉटरप्रूफिंग म्हणून घातला होता, तोही ठिकठिकाणी उखडला गेला आणि त्यावर नुसता सिमेंटचा मसाला मारून टाकला. म्हणजे पाणी अडवणारी जी एकच गोष्ट घरात होती तीच आम्ही काढून फेकली आणि वर देखणी टाइल बसवून निश्चिंत झालो.

जुन्या फरश्यांचं वेगळं असायचं. माझं माहेर महाल भागात, खाली शहाबादी. मे महिन्यात दुपारी आजी फरशीवर तांब्यानं पाणी शिंपडायची आणि आम्ही पोरं त्याच्यावर उघड्या अंगानं लोळायचो, फरशी पाणी पिऊन घ्यायची आणि हळूहळू सोडायची, तासभर गारवा. पावसाळ्यात तीच फरशी ओलसर, कपाटाखाली कुबट वास, भिंतीला खार, गोधड्या दमट. म्हणजे फार गोडवे गायची गरज नाही. पण सांडलेलं पाणी तिथे आपोआप दिसेनासं व्हायचं, ही सवय अंगात मुरलेली होती. नव्या टाइलवर सांडलेलं पाणी तसंच राहतं. कुणीतरी पुसेपर्यंत किंवा कुणीतरी पडेपर्यंत.

आमच्याकडे पडल्या त्या आई. हॉलमध्ये आम्ही गुळगुळीत पॉलिशवाली टाइल घातलेली, आरशासारखी, छतावरचा पंखा खाली फिरताना दिसतो अशी. खिडकीत लोखंडी कूलर, एप्रिलमध्ये नवीन ताट्या लावलेला, आणि कूलर ठिबकत नाही असं घर नागपुरात दाखवा. चमचाभर पाणी असेल, पारदर्शक, चकचकीत टाइलवर अजिबात दिसलं नाही. मनगट. सहा आठवडे प्लास्टर. नंतर समजलं की घसरण्याचंही माप असतं, जर्मन पद्धत, टाइलच्या उतारावर तेल ओततात, माणसाला वरून पट्टा बांधून त्यावर चालायला लावतात आणि उतार वाढवत नेतात, तो घसरला की तो कोन लिहून घ्यायचा. त्यावरून आर ९ ते आर १३ असे नंबर. (ही नोकरी कोण करत असेल आणि घरी बायकोला काय सांगत असेल?) पाणी न पिण्याचा नंबर दुकानदार न विचारता सांगतो, हा नंबर विचारला तरी कॅटलॉगमध्ये शोधत बसतो.

एवढं सगळं असूनही मी या टाइलवर उलटले नाही. त्याला कारण माझ्या नणंदेचं घर. अंबाझरीच्या खालच्या बाजूला, तळमजला. २३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र नागपूरकरांना सांगायला नको, चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि पहाटे यांच्या हॉलमध्ये मांडीएवढं पाणी. दुसऱ्या दिवशी आम्ही झाडू-बादल्या घेऊन गेलो. प्लायवूडचं कपाट फुगून पावासारखं झालेलं, दारं चौकटीत अडकलेली, सोफा उचलला तर त्यातून पाणी गळत होतं. आणि फरशी? चार इंच गाळ फावड्यानं काढला, पाइप लावला, अर्ध्या तासात खाली तीच क्रीम कलरची टाइल, जशी होती तशी, ना डाग ना फुगणं. भिंतींचा ओलावा पुढे संक्रांतीपर्यंत गेला नाही. त्या घरात त्या दिवशी एकट्या फरशीनंच शब्द पाळला होता.

आमच्या बाथरूमच्या दोन फुटक्या तुकड्यांचा मी घरीच प्रयोगही केला. एक तुकडा जुन्या निळ्या भिंतीच्या टाइलचा, जो आईंनी कुंडीखाली ठेवला होता, दुसरा नव्या टाइलचा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर निळा ३१८ ग्रॅम, रात्रभर टबात ठेवून, वरून पुसून, सकाळी ३५५. नवा ४०६ आणि सकाळी ४०७, आणि तो एक ग्रॅम मी नीट पुसलं नाही म्हणून असेल. हे म्हणाले, आता पटलं का? मला आधीच पटलेलं होतं. मला फक्त ती टाइल निर्दोष आहे हे लेखी हवं होतं.

मग काम परत केलं. सगळं स्लॅबपर्यंत खरवडलं, कोपऱ्यांना गोलाई दिली, ट्रॅपच्या तोंडाभोवती जाळीची पट्टी, त्यावर वॉटरप्रूफिंगचा कोट, एक आडवा आणि सुकल्यावर एक उभा, भिंतीवर फूटभर चढवून. मिस्त्रींनी ढाळ काढताना लेव्हल ट्यूब तीनदा लावली, "पान्याले रस्ता पाह्यजे ताई, टाइल काय रस्ता दाखवत नाही." टाइल तीच घेतली, फक्त या वेळी मॅट, आणि अॅडेसिव्ह, आणि सांध्यात इपॉक्सी, जे पाणीही पीत नाही आणि रविवारच्या बाटलीलाही दाद देत नाही. ॲसिडवाल्याला आता मी गॅलरीतून बघते आणि आत येते.

पण टाइल लावायच्या आधी मिस्त्रींनी एक अट घातली होती. ट्रॅप बंद करून नुसत्या त्या कोटिंगवर दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारायची आणि ४८ तास कुणी आत पाय ठेवायचा नाही. आता आंघोळ कुठे करायची, परत त्या संडासाजवळच्या कोपऱ्यात? तर काकूच म्हणाल्या, या की खाली.

म्हणून मग दोन दिवस आम्ही सगळे टॉवेल-साबण घेऊन खाली. मी काकूंच्या बाथरूममध्ये, डोक्यावर शांपू, डोळे अर्धवट उघडे, वर छताकडे. माझ्या आणि आमच्या दोन इंच पाण्याच्या मधे फक्त ती स्लॅब. डाग सुकून पांढरट झालेला, कडेचा पोपडा तसाच.

बाहेरून काकू ओरडल्या, "पडतंय का गं काही?"

"नाही!"

"मग आटप लवकर, नळ जायची वेळ झाली."